फळ्याची डावी बाजू

मी फळा पुसला. तेवढंच केलं.

पण फार मन लावून केलं. घरी मला कोणी फडक्याला हात लावू देत नाही, कारण मी पुसलेल्या जागेपेक्षा न पुसलेली जागा बरी दिसते असं आमच्या घरचं मत आहे. सावनेर रस्त्यावरच्या त्या चार इयत्तांच्या शाळेत मात्र माझ्या हातांना काय झालं कोण जाणे. आधी डस्टरने पुसला. मग बाटलीतलं पाणी रुमालावर ओतून वरून खाली, कोपऱ्यांसकट पुसला. डाव्या बाजूला खडूची उभी रेघ मारून कुणीतरी वेगळी जागा केली होती आणि त्या जागेत काहीतरी वाकडंतिकडं, चढावर चढत गेलेलं खरडलेलं होतं. तेही पुसलं. रेघही पुसली. फळा नुकत्या न्हालेल्या म्हशीसारखा चमकायला लागला, तेव्हा मी कौतुकाच्या अपेक्षेने मुलांकडे वळलो.

चौदा मुलं होती. त्यातली तेरा एका मुलीकडे बघत होती, आणि ती मुलगी फळ्याकडे.

"सर," पुढे बसलेली चौथीतली एक पोर म्हणाली, "ते रितिकाचं होतं."

रितिका उठली, माझ्या बाजूने न जाता भिंतीच्या कडेकडेने दारापर्यंत गेली आणि बाहेर निघून गेली. तिने दार आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

मी तिथे काय करत होतो ते सांगायला हवं. मी एका वर्तमानपत्रात रविवारी हलकंफुलकं लिहितो. माझी बहीण कुसुमताई नागपुरातच असते आणि तिचे यजमान भैयाजी कळमन्याच्या बाजारात संत्र्याचे अडते आहेत. त्यांची मुलगी हिमानी इंजिनियर झाली, पुण्याला नोकरीला लागली, आणि दिवाळीला घरी आली ती एक वाक्य घेऊन. ते वाक्य भैयाजींनी मला बाजारात संत्र्यांच्या ढिगापाशी उभं करून ऐकवलं.

"पोरगी पागल झाली गा. म्हणते, नोकरी सोडतो, डी.एड. करतो, खेड्यातल्या पोराईले शिकवतो. मी म्हटलं काहून? तर म्हणे, आवडते. आता मले संत्रं आवडते, म्हणून मी काय झाडावर चढून बसलो का?"

मी म्हणालो, "मुलगी शहाणी आहे, विचार केला असेल."

"विचार केला असता तर विचारलं असतं. तू असं कर. तू लिहितो-बिहितो. एखादी जुनी मास्तरीण पाह्य, खरं बोलणारी. तिले म्हण, या धंद्यात काहून पडली? ती जे रडगाणं गाईल ते जसंच्या तसं लिहून आण. पोरीच्या पुढं ठेवतो. शुक्रवारी दुपारी तुझी बहीण वडाभात करणार आहे, तवाच घेऊन ये."

कुसुमताईच्या वडाभातासाठी मी याहून वाईट कामं केली आहेत. मी कामाला लागलो. नागपुरात चारपाच शिक्षकांना विचारलं. एक म्हणाले, जागा निघाली, अर्ज केला, लागलो. एक म्हणाले, वडील मास्तर होते, घरात दुसरं काही सुचतच नव्हतं. एक बाई म्हणाल्या, सासरच्यांना चालण्यासारखी हीच नोकरी होती. एका तरुण सरांनी उन्हाळ्याच्या सुट्टीचं कारण सांगितलं आणि मग सुट्टीत कुठकुठली कामं लागतात ते सांगताना त्यांचा आवाज बसला. सगळे खरं बोलत होते, पण त्यात भैयाजींना पुरेल एवढं रडगाणं नव्हतं आणि हिमानीला पुरेल एवढं काहीच नव्हतं. तेव्हा आमच्या वर्तमानपत्राचा सावनेरचा वार्ताहर म्हणाला, "सरिता रंगारी बाईकडे जा. त्या गोड बोलत नाही."

म्हणून शुक्रवारी सकाळी मी बसने निघालो. कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या मागे पडल्या, राखेचे ट्रक अंगावरून गेले, आणि अकराच्या सुमारास फाट्यावर उतरून शाळेत पोचलो. बेत साधा होता. तासभर बोलायचं, साडेबाराची परतीची बस पकडायची, दीडला पानावर बसायचं. कुसुमताईसाठी संत्रा बर्फीचा डबाही पिशवीत होता.

सरिताबाई पन्नाशीच्या. ठेंगण्या, चष्मा दोरीला बांधलेला, साडीच्या पदराला कायम कुठल्या ना कुठल्या रंगाचा खडू. राहायला नागपुरात, इंदोऱ्याला. तिथून रोज स्कुटीवर येतात-जातात आणि ही त्यांची तिसरी स्कुटी आहे. शाळेत दुसरे सर आहेत, पण ते त्या आठवड्यात कसल्याशा प्रशिक्षणाला गेले होते. म्हणजे चारही इयत्ता एकाच खोलीत आणि बाई एकट्या.

मी पोचलो तेव्हा हजेरी चालली होती. त्या शाळेत हजेरीला 'हजर' म्हणत नाहीत. येताना वाटेत काय दिसलं ते सांगायचं.

"कोळशाच्या ट्रकवर बगळा बसून होता."

"आमची बकरी व्याली. दोन."

"मले काहीच नाही दिसलं, मी झोपेतच आलो."

बाई प्रत्येकाचं ऐकून घेत आणि मग खूण करत. मग दुसरीतल्या रितिकाचं नाव आलं. ती काही बोलली नाही. बाईंनी पेन उचलून धरलं आणि थांबल्या. एक उत्तर द्यायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ थांबल्या. तेरा मुलंही थांबली, कोणी खुसखुसलं नाही. मग खूण करून बाई पुढच्या नावावर गेल्या. नंतर कळलं की जूनपासून, म्हणजे पाच महिने, ती जागा रोज अशीच रिकामी ठेवली जात होती. त्या दिवशी एवढंच वेगळं होतं, की गप्प राहून रितिका फळ्याच्या डाव्या बाजूकडे बघत हसत होती. ती हसत होती हे मी पाहिलं. कुठे बघत होती ते पाहिलं नाही.

हजेरी झाली, मुलं कामाला लागली, आणि मी वहीपेन काढून बाईंना विचारलं, "तुम्ही शिक्षिका का झालात?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "खिचडी चाखून येतो," म्हणाल्या. मुलांना वाढण्याआधी शिक्षकांनी स्वतः चाखायची आणि वहीत तशी सही करायची असा नियम आहे. "तोवर पोराईशी बोला तुम्ही. लेखक आहे नं."

मुलांशी बोलायचं तर फळ्यावर आपलं नाव लिहावं, शेजारी एक संत्रं काढावं, असं मला वाटलं. त्यासाठी फळा स्वच्छ हवा होता.

बाई परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात चमचा होता. त्यांनी फळा पाहिला, रितिकाची रिकामी जागा पाहिली, मग माझ्या हातातला पांढराफटक ओला रुमाल.

"तुम्ही पुसलं?"

"हो. म्हणजे, जरा स्वच्छ असावं म्हणून."

"काय लिहिलेलं होतं तिथं?"

तीस वर्षं लिहून पोट भरतो मी, लोकांनी आपलं वाचावं म्हणून दर रविवारी जीव टाकतो, आणि पुसण्याआधी मी ते वाचलं नव्हतं.

"वाचलं नाही," बाई म्हणाल्या. रागाने नाही. हजेरीत खूण करावी तशा.

मग व्हरांड्यात नेऊन त्यांनी मला सगळं सांगितलं, फार थोडक्या शब्दांत. फळ्याची डावी बाजू ही त्या शाळेची एक रीत आहे. मूल स्वतःच्या मनानं, कुणी न सांगता पहिलं वाक्य लिहितं, ते तिथे राहतं. घरचं कोणी येऊन वाचेपर्यंत ते कोणी पुसत नाही, तपासणीला साहेब आले तरी नाही. रितिकाचे आईबाप दर हिवाळ्यात वीटभट्टीवर जातात ते पावसापर्यंत. मागच्या वर्षी ती त्यांच्यासोबत गेली, धाकट्या भावाला सांभाळायला, आणि पहिली तशीच गेली. या वर्षी टेम्पो उद्या सकाळी निघणार होता. तिची आत्या सिंधूताई इथेच असते, शाळेची खिचडी तीच रांधते. ती पोरीला ठेवून घ्यायला तयार होती. पण बाप, दुर्गेश, म्हणाला होता, पाच महिन्यात पोरगी एक अक्षर लिहीत नाही की तोंडातून शब्द काढत नाही, तर इथं ठेवून काय करू? आपल्या हाताने लिहून दाखव, मग ठेवतो.

"काल शाळा सुटता सुटता लिहिलं तिनं," बाई म्हणाल्या. "आज साडेचारले बाप पाहायले येणार आहे."

मी सुचेल ते विचारायला लागलो.

"फोटो असेल ना मोबाइलवर?"

"आम्ही काढत नाही. फोटो पाठवला का घरचे शाळेत येतच नाही, फोनवर पाहून मोकळे होते."

"मग तुम्ही सांगा त्याला, की लिहिलं होतं."

"पाच महिने मीच सांगून राहिली, येईल, येईल. आता माझ्या सांगण्यावर तो कसा राहीन?"

"मग मी... तुम्ही वाक्य सांगा, मी तसंच्या तसं लिहितो. वाकडं."

"मंग बाप तुमचं अक्षर पाहीन."

बाहेर बांधायच्या राहिलेल्या शौचालयासाठी आणलेल्या विटांचा ढीग दोन पावसाळे पडून होता. त्याच्या आडोशाला रितिका पाठमोरी बसली होती.

"तिला परत लिही म्हटलं तर?"

"तिले वाटून राहिलं, चुकलं म्हणून पुसलं. शाळेत जे चुकते तेच पुसते नं. आणि पुसलं कोणं? शहरातल्या मोठ्या सरनं." बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "तुमची बस आली असन."

फाट्यावर खरोखरच हॉर्न वाजला. साडेबाराची. मी उभा राहिलो, पिशवी उचलली, आणि मग ती परत व्हरांड्यात ठेवली. का ठेवली ते तेव्हा मला कुणी विचारलं नाही.

मी आधी विटांच्या ढिगापाशी गेलो. "बेटा, चुकलं नव्हतं हं. छान होतं," म्हणालो. तिने मान वर करून माझ्याकडे एकदा पाहिलं. मी ते वाचलेलं नाही हे तिला माझ्या तोंडावर दिसत होतं. मग बर्फीचा डबा उघडून पुढे धरला. तिने पाहिलं नाही. मग एक विनोद सांगितला, ज्यावर नागपूरच्या एका सभागृहात लोक दोन मिनिटं हसले होते. ती उठून ढिगाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसली. बर्फी शेवटी तेरा मुलांनी खाल्ली, आणि एक वडी चौथीतल्या पोरीने कागदात गुंडाळून रितिकाच्या दप्तरात ठेवली.

जेवणाच्या वेळी सिंधूताईने माझ्याही पुढे खिचडीचं ताट ठेवलं. खिचडी गरम होती आणि मी ती ताटातल्या ताटात फिरवत बसलो.

"खा गा भाऊ," ती म्हणाली. "उपाशी राहून काही फळ्यावरचं परत येत नाही."

"बाई रागावल्या असतील माझ्यावर."

"बाईले रागवाले वेळ कुठं आहे? बाईच्या नवऱ्याले विचारा, मारोतरावले. कोराडीच्या कारखान्यात आहेत ते. म्हणते, माह्यावर रागवाची असली तरी उन्हाळ्याची सुट्टी लागेलोक थांबते." ती माझ्या ताटात आणखी वाढत म्हणाली, "तीन डाव नागपूरची शाळा भेटत होती त्यायले, घराजोळ. नाही गेली. म्हणते, ही चौथीची पोरं जाऊ दे, मंग जातो. आता दरसाल चौथीत नवी पोरं येतच राहते नं गा."

"आधी कुठे होत्या?"

"डोंगराकडं कुठंतरी. इथं आल्या तवा सहा पोरं होती, शाळा बंद होणार होती. घरोघरी हिंडल्या. आमच्या घरी आल्या तवा माह्या हातात खराटा होता. म्हणे, शाळेत या, मुलं आणा. मी म्हटलं, मले लेकरूच नाही, मी काय आणू? तर म्हणे, मंग रांधाले या." सिंधूताई हसली. "बाईचा बाप कळमन्यात पोते उचले. धोंडबा नाव. त्यायले वाचता येत नव्हतं, पण कोणत्या पोत्यावर कोणाचं नाव आहे ते सांगे. कसं, तर अक्षराचा आकार लक्षात ठेवे. बाई त्यायच्या खांद्यावर बसून पोत्यावरचं वाचाले शिकली."

मी वही काढली. मग वाटलं, हे भैयाजींना हवं असलेलं नाही, आणि वही मिटली.

दुपारी मी मागच्या भिंतीला टेकून बसलो आणि बाईंना शिकवताना पाहिलं. खरं सांगतो, मी अनेक मोठ्या माणसांची भाषणं ऐकली आहेत, गवयांच्या बैठका ऐकल्या आहेत, भैयाजींना एका वेळी तीन गिऱ्हाइकांशी तीन वेगळे भाव करताना पाहिलं आहे. असं पाहिलं नव्हतं. पहिलीतली तीन पोरं चिंचोके दहादहाचे ढीग करून मांडत होती. दुसरीवाले एकमेकांना वाचून दाखवत होते. तिसरी बाहेर झेंड्याच्या खांबाची सावली दोरीने मोजत होती आणि चौथी एका विजेच्या बिलावरून गणितं करत होती. आत-बाहेर मिळून चार ओढे वाहावेत तसे चार आवाज होते आणि बाई मध्ये उभ्या. त्यांना पाठीमागचं दिसत होतं. फळ्याकडे तोंड करून त्या म्हणत, "गोलू, तो चिंचोका नाकात नाही, ढिगात," आणि मागे खरोखरच गोलूचा हात नाकाशी असायचा. मध्येच मोबाइल वाजायचा, कुणीतरी कसलीतरी माहिती ताबडतोब मागवायचं, बाई ती एका हाताने पाठवायच्या आणि दुसऱ्या हाताने एकाची पाटी सरळ करायच्या. कुणाला ओरडल्या नाहीत. एकदा फक्त त्यांनी आवाज एकदम खाली आणला, तर चौदाच्या चौदा, म्हणजे तेरा, कान टवकारून गप्प झाली. मीही झालो.

आणि या सगळ्यात रितिकाकडे त्या एकदाही गेल्या नाहीत. मला ते कळेना. दोन वाजले, अडीच वाजले. साडेचारला बाप येणार. मी खुणेनं दोनदा बाहेर बोट दाखवलं. बाईंनी मला त्याच नजरेने पाहिलं जिने गोलूला पाहिलं होतं.

पावणेतीनला त्या माझ्यापाशी आल्या आणि खणखणीत आवाजात, साऱ्या आवारात ऐकू जाईल अशा, म्हणाल्या, "सर, तुम्ही रिकामेच बसून आहे. त्या विटा पडून आहे, पोरं पाय ठेवते. जरा नीट रचून द्या."

मला शिक्षा हवीच होती. मी शर्टाच्या बाह्या सरसावल्या आणि विटा रचायला लागलो. एकावर एक, गच्च, भिंतीसारख्या. सहा थर झाले आणि पडले. पुन्हा रचल्या. पाच थरांत पडल्या, एक पायाच्या अंगठ्यावर पडली. तिसऱ्यांदा मी मोठ्या विटा खाली ठेवून पाहिल्या, तेव्हा लक्षात आलं की सगळ्या विटा सारख्याच असतात.

"तसं नाही."

मी वळून पाहिलं. रितिका उभी होती.

"मग कसं?"

तिने तोंडाने सांगितलं नाही. माझ्या हातातली वीट घेतली, कडेवर उभी केली, शेजारी दुसरी, मध्ये बोटभर जागा. असा एक थर. त्यावर दुसरा आडवा. मग उठून म्हणाली, "आता तुम्ही." मी ठेवली. "जागा ठेवा नं. हवा गेली पाहिजे." मी जागा ठेवली. "एवढी नाही." माझ्या हातावर तिने चापट मारली, हलकी, कच्ची वीट थोपटावी तशी. मी पुढची वीट पुन्हा चिकटवून ठेवली. खोटं नाही, मुद्दाम नव्हे, मला जमतच नव्हतं. ती हसायला लागली. सात वर्षांची ती पोर कमरेवर हात ठेवून हसत होती आणि मी, दाढी पिकलेला माणूस, विटांसमोर उकिडवा बसून होतो.

दारातून बाई म्हणाल्या, "कसं चालू आहे?"

"येत नाही त्यायले," रितिका म्हणाली. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. चारही इयत्तांचे आवाज थांबले. त्या शाळेत तिचा आवाज कुणी ऐकलेलाच नव्हता.

बाईंनी जणू रोजचंच असल्यासारखं म्हटलं, "असं? मंग लिही फळ्यावर. सगळ्यायले माहीत पडू दे."

त्या आत गेल्या. फळ्याच्या डाव्या बाजूला खडूने एक उभी रेघ मारली, खडू रितिकाच्या हातात दिला, आणि पाठ फिरवून चिंचोक्यांच्या ढिगापाशी जाऊन बसल्या. मी मान लांब केली तर म्हणाल्या, "तिकडं पाहू नका. पुस्तक पाहा." मी पहिलीचं पुस्तक उघडून धरलं. गोलूने ते माझ्या हातातून घेऊन सरळ करून दिलं.

खडूचा आवाज येत होता आणि थांबत होता. थांबला की मी उगाच पुस्तकाचं पान उलटत होतो. एकदा तो एवढा वेळ थांबला, की मी बाईंकडे पाहिलं. त्या चिंचोके मोजत होत्या. त्यांचा हात मात्र एकाच चिंचोक्यावर थांबलेला होता.

मग पावलं आली. रितिका माझ्यासमोर उभी राहिली. "वाचा," म्हणाली.

मी फळ्यापाशी गेलो. अक्षरं चढावर चढत गेली होती, एक ओळ दुसरीवर पडता पडता राहिली होती. या वेळी मी आधी मनात वाचलं, दोनदा. मग तिने सांगितलं म्हणून मोठ्याने वाचलं.

"सरले विटा रचता येत नाही. हवा ठेवत नाही."

चौदा मुलं हसली. या वेळी चौदाच होती. एक वाक्य पुरलं असतं, तिने दोन दिली होती.

साडेचारला दुर्गेश आला. घर लिंपता लिंपता आलेला, कोपरापर्यंत मातीने लाल, चपला बाहेर काढून दारातच उभा राहिला. रितिका फळ्याच्या बाजूला उभी होती, खडू अजून मुठीत. त्याने हवेत बोट फिरवत, ओठ हलवत वाचलं. वाचून झाल्यावर परत सुरुवातीला गेला. मग बाईंकडे पाहिलं.

"हे तिनंच लिहिलं? का तुम्ही हात धरला?"

बाईंनी रितिकाकडे पाहिलं. मी बोलायला तोंड उघडलं, तर सिंधूताईने मागून माझी बाही ओढली.

दुर्गेश माझ्याकडे वळला. "कोणते सर?"

"मी."

"खरंच नाही येत विटा?"

मी त्याला बाहेर नेलं. ढिगाचा अर्धा भाग माझा होता, तो दुरूनच ओळखू येत होता. उरलेला अर्धा, एकावर एक आडवे-उभे थर, मध्ये बोटबोट जागा. तो वाकला, त्या फटीतून बोट आरपार घालून पाहिलं. "हा थर तिचा आहे," म्हणाला. मग माझ्या बाजूकडे पाहत, "आणि सरले येत नाही, हे बाई काहून लिहाले लावतीन? हे तिचंच आहे." आणि हसला, पोरगी हसली होती तसाच.

आत येऊन त्याने सिंधूताईला म्हटलं, "ताई, हिची गोधडी टेम्पोत टाकू नको." आणि पुढे म्हणाला, "लहान्याचं पाहू आम्ही." मग रितिकाला विचारलं, "काल काही आणखी लिहिलं होतं म्हणे?"

ती त्याच्या कानाशी गेली आणि काहीतरी म्हणाली. दुर्गेश सरळ झाला. हातपंपापाशी गेला आणि बराच वेळ तोंड धूत राहिला. हात मात्र लालच राहिले होते. काल तिने काय लिहिलं होतं ते मला ठाऊक नाही. बाईंनी सांगितलं नाही, मीही परत विचारलं नाही. मी ते वाचू शकत होतो, तेव्हा वाचलं नव्हतं.

सव्वापाचला शाळेला कुलूप लागलं. फळ्याची डावी बाजू खरं तर आता पुसायला हरकत नव्हती, घरच्याने वाचलं होतं. पण बाई म्हणाल्या, सोमवारी रितिका आपल्या हाताने पुसेल. मला स्कुटीवर मागे बसवून त्या फाट्यापर्यंत सोडायला आल्या. वाटेत खिशातला फोन थरथरला. भैयाजी. सकाळपासून सहावा.

"वडाभात थंडा झाला, परत गरम केला, परत थंडा झाला," भैयाजी म्हणाले. "मास्तरणीनं रडगाणं गायलं का नाही?"

"नाही."

"मंग दिवसभर काय करून राहिला तिथं?"

"विटा रचल्या," मी म्हणालो, आणि फोन बंद झाला की त्यांनी केला ते कळलं नाही.

फाट्यावर राखेचा एक ट्रक गेला आणि आम्ही दोघंही पांढरे झालो. बाईंनी पदराने चष्मा पुसला. माझी वही कोरीच होती. दूरवर बस दिसली तेव्हा मला राहवलं नाही.

"बाई, सकाळी विचारलं होतं ते राहिलं. माझ्या भाचीसाठी विचारतो. ही मास्तरकी तुम्ही काहून घेतली?"

बाईंनी स्कुटी वळवली, चष्मा डोळ्यांवर ठेवला आणि म्हणाल्या, "तुमची साडेबाराची बस आली होती, तवा तुम्ही काहून नाही गेले?"